साताऱ्यात राहून मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढताना

चित्र चांगलं काढता येणं आणि मुलांच्या पुस्तकाला चित्रं काढता येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला ते पहिल्यांदा जाणवलं जावळीतल्या एका झेडपीच्या शाळेत. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झाल्यावर कलाशिक्षकाच्या जागा काही निघत नव्हत्या, म्हणून मी शाहूपुरीत घरीच एलिमेंटरी-इंटरमीजिएटचे क्लास घ्यायचे आणि उन्हाळ्यात, दिवाळीच्या सुट्टीत शाळांच्या बोलक्या भिंती रंगवायचे. अ अननसाचा, पाढे, भाज्यांची नावं, हेच सगळं. त्या शाळेत 'म' साठी म्हैस काढली होती, चांगली डौलदार, पाणी पिऊन वर बघणारी. मधल्या सुट्टीत दोन पोरं येऊन उभी राहिली. एक म्हणाला, "बाई, म्हशीला दावं न्हाई." दुसरा लगेच, "सुटली असंल की." आणि मग दोघांचं सुरू झालं, ही कुणाची म्हैस, कुणाच्या रानात शिरली, आता मार कुणाला बसणार. भिंतीवर अक्षर होतं एक आणि शब्द होता एक, बाकीची सगळी गोष्ट पोरांनी नसलेल्या दाव्यातून काढली. म्हणजे मुलं चित्र बघत नाहीत, वाचतात. आपण जे काढलंय तेही वाचतात आणि जे काढलेलं नाही तेही. त्या दिवसापासून मला हेच काम करायचं होतं, आणि ते करायला मी काय काय केलं ते जमेल तसं लिहिते, कारण साताऱ्यात, कराडला, वाईला चित्र काढणाऱ्या कितीतरी मुली आहेत आणि त्यांना वाटतं की हे सगळं मुंबई-पुण्याचं काम आहे.

शिकायला मी गेले भिलारला. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याच्या आत आहे, मे २०१७ मध्ये राज्य सरकारने ते पुस्तकांचं गाव केलं, तेव्हापासून तिथल्या घराघरात पुस्तकं आहेत, एका घरात कादंबऱ्या, एका घरात कविता, तसं बालसाहित्याचंही घर आहे. फुकट बसायचं, हवं ते वाचायचं, कुणी उठवत नाही. बाकीचे लोक स्ट्रॉबेरी खाऊन, फोटो काढून जातात, मी वही घेऊन बसायचे. पहिल्यांदा नुसती पानं मोजली. कुठलंही चित्रपुस्तक घ्या, सोळा पानी, चोवीस पानी नाहीतर बत्तीस पानी निघतं, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून कापला की त्यातून आठ नाहीतर सोळा पानं होतात, म्हणून अठरा किंवा एकवीस पानांचं पुस्तक सहसा बघायला मिळत नाही. त्यातनं शीर्षकाचं पान, प्रकाशकाच्या माहितीचं पान वजा करा, चोवीस पानांत गोष्टीला दहा-अकरा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. मग वहीत दोन रकाने पाडले. एका बाजूला शब्द काय सांगतात, दुसऱ्या बाजूला चित्र काय सांगतं. जिथे दोन्हीकडे एकच गोष्ट यायची ते पुस्तक मला कंटाळवाणं वाटायचं, आणि जिथे शब्दांत 'आजी झोपली' एवढंच आहे पण चित्रात आजीच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे आणि मांजर तिच्या पातळावर बसलंय, तिथे मी थांबायचे. माझा सगळा अभ्यासक्रम हाच, दोन रकाने. अजूनही कुणी विचारलं तर मी आधी हेच करायला सांगते, सॉफ्टवेअर नंतर.

घरबसल्या बघायला 'किशोर' आहे. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक ऑनलाइन ठेवलेत. रंग कमी असायचे, छपाई साधी, तरी रेषेवर काम किती करून घेतलंय ते बघा. आणि औंध. औंधच्या भवानी संग्रहालयात लोक रविवर्म्याची चित्रं बघायला जातात, ती बघाच, पण बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते हे लक्षात ठेवून जा. संस्थानचा राजा रामायणाची चित्रं रंगवतो आणि १९१६ मध्ये त्याचं रंगीत पुस्तक काढतो, ही आपल्या जिल्ह्यातली गोष्ट आहे, तिचा मला फार अभिमान वाटतो. चित्रांची मालिका करायची तर प्रत्येक चित्रात तोच राम, तीच सीता ओळखू आली पाहिजे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी खटाव तालुक्यात बसून कुणीतरी सोडवत होतं.

हा प्रश्न पुढे माझ्याही वाट्याला आला. नमुने म्हणून मी प्रकाशकांना चित्रं पाठवायला लागले, अजिंक्यताऱ्यावरची पतंग उडवणारी मुलं, कासची फुलं, मोती चौकातली गर्दी. मेल पाठवायची आणि वाट बघायची, बहुतेक ठिकाणाहून काहीच उत्तर नाही, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही, त्यांच्याकडे ढीग असतो. एका संपादक बाईंनी मात्र फोन केला. म्हणाल्या, "चित्रं छान आहेत तुमची. पण ही पतंगवाली मुलगी मागून कशी दिसते? रुसली की कशी बसते? झोपते कशी? मला तीच मुलगी बारा वेळा काढून पाठवा." तो फोन मला सगळ्यात जास्त कामाला आला. सुंदर सुटं चित्र दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला चालतं, पुस्तकाला माणूस लागतो जो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच राहील, कपडे बदलले, पाठमोरा झाला, पावसात भिजला तरी.

मग शेजारच्या मुलीला पकडलं. तिसरीत होती तेव्हा. तिला समोर बसवून नाही काढायचं, बसवलं की मुलं लाकडासारखी होतात. ती वेणी घालून घेताना, अभ्यास टाळताना, चपलेचा अंगठा तुटल्यावर पाय घासत चालताना, मी कोपऱ्यात बसून स्केचबुकात उतरवत गेले. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, सात-आठ वर्षांच्या मुलाची सहाच्या आसपास, वर्षाच्या बाळाची चारच. हे कॉलेजात पाठ केलेलं असतं, पण हाताला बसायला तेच मूल पुन्हा पुन्हा काढावं लागतं. शिवाय मुलाचं पोट पुढे असतं, ते खांदे उचलून बोलतं, वाकलं तर कमरेतून न वाकता सरळ उकिडवं बसतं, हे कुठल्या पुस्तकात नाही मिळालं मला.

सरावाला गोष्टी कुठून आणायच्या हा प्रश्न पडतोच. प्रथम बुक्स ह्या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ आहे, २०१५ ला सुरू झालं, मराठीत ढीगभर गोष्टी आहेत आणि त्या खुल्या परवान्यावर आहेत, म्हणजे मूळ लेखकाचं नाव देऊन तुम्ही तीच गोष्ट परत चितारू शकता. मी काय करायचे, घरातल्या कुणालातरी गोष्टीचे फक्त शब्द कागदावर उतरवून द्यायला सांगायचे, चित्रं बघायचीच नाहीत, आणि ए-फोर कागद दुमडून, मधे पिना मारून आपली डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करायची. पेन्सिलीत, हाताएवढी. पूर्ण झाली की मगच मूळ चित्रं उघडून बघायची. बघितल्यावर कळतं की पान उलटण्याआधी कुठे थांबवायचं होतं. पान उलटणं ही आपल्या हातातली सगळ्यात मोठी वस्तू आहे, सिनेमावाल्यांकडे ती नाही, भिंत रंगवणाऱ्याकडेही नाही.

पहिलं पूर्ण पुस्तक मिळालं ते अशीच एक डमी बघून. गोष्ट होती आजीबरोबर पहिल्यांदा भाताच्या लावणीला गेलेल्या मुलीची. लेखिका आणि संपादक दोघी बाहेरगावच्या, मजकूर साधा, थोडक्यात. माझ्या सासूबाई मेढ्याकडच्या, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्यांचं अर्धं आयुष्य खाचरात गेलेलं. मी पहिली रफ चित्रं काढून त्यांना दाखवली. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "असं धरत्यात व्हय गं रोप? आन ही फुडं कुठं चालली? लावणी मागं मागं सरकत करत्यात."

म्हणजे बघा, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटांनी दोन-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि एक पाऊल मागे. तोंड नेहमी लावून झालेल्या रोपांकडे. पुढे चालाल तर लावलेलं तुडवाल. आता मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे जातं, म्हणून आम्ही चित्रकार लोक सहसा पात्राचं तोंड उजवीकडे ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याची नजर पान उलटायच्या दिशेने सरकते. पण ह्या गोष्टीत मुलगी पुस्तकाच्या दिशेने सरकणार आणि तिचं तोंड मात्र उलटीकडे असणार, तिची पाठ पुढच्या पानाला. पहिल्यांदा वाटलं हे जमणार नाही, सगळं पुस्तकच उलटं दिसेल. मग त्यावर झोपले, उठले, परत बसले, आणि लक्षात आलं की ह्याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार? पुढे काय येतंय ते मुलीला दिसत नाहीये आणि वाचणाऱ्या पोराला दिसतंय! मजकुरात खेकड्याचं वाक्य होतं एकच, सातव्या जोडपानावर. मी खेकडा तिसऱ्या जोडपानापासूनच आणला, अगदी उजव्या कडेला, बांधाच्या बिळात नुसते दोन डोळे. मग एक नांगी. मग पूर्ण बाहेर. मुलगी एकेक पाऊल मागे येतेय, खेकडा आहे तिथेच बसलाय, आणि पोरं ओरडतात, "अगं मागं बघ!" क्लासच्या मुलांना डमी दाखवली तेव्हा खरंच ओरडली. संपादक बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी लेखिकेशी बोलून मजकुरातलं खेकड्याचं वाक्यच काढून टाकलं. शब्दांनी जागा सोडणं हे लेखिकेचं मोठेपण, मला त्यांच्याबद्दल कायम आदर वाटतो.

अजून एक अडचण होती. संपादकांच्या मनात पाऊस म्हणजे छत्री. रंगीत छत्र्या चित्रात छान दिसतात हे खरं, पण लावणीला दोन्ही हात चिखलात, छत्री धरणार कोण? आमच्याकडे खोळ घेतात, पूर्वी घोंगड्याची, बांबूचं नि पानांचं इरलं असायचं, आता बहुतेक प्लास्टिकच्या कागदाची, निळी नाहीतर पिवळी, डोक्यावरून पाठीवर सोडलेली. मी आत्यांचा खोळ घेतलेला फोटो पाठवला, लगेच पटलं त्यांना. पण खोळ आली की वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. अख्ख्या पुस्तकात मुलीचा चेहरा चार-पाच ठिकाणीच आहे. राग, कंटाळा, मजा सगळं हातापायांतनं दाखवावं लागलं. कंटाळली की चिखलात पायाची बोटं वळवळतात, आजी ओरडली की मूठ घट्ट होते. हात-पाय काढायला लोक घाबरतात आणि खिशात घालून, गवतात लपवून वेळ मारून नेतात. मुलांच्या पुस्तकात असं करू नका, मुलांची उंची कमी असते, त्यांना मोठ्यांचे हात-पायच आधी दिसतात.

क्रम असा असतो: मजकूर आला की आधी काड्यापेटीएवढी छोटी चित्रं, सगळी जोडपानं एका कागदावर, म्हणजे सलग सगळं क्लोज झालंय की सगळं लांबून, ते एका नजरेत कळतं. मग डमी. मग मूळ मापात पेन्सिल. ती मंजूर झाल्यावरच रंग, त्याच्या आधी रंगाला हात लावायचा नाही, बदल पेन्सिलीत मागायचे असतात आणि हे सुरुवातीलाच बोलून घ्यायचं. मी जलरंगात करते, ३०० जीएसएमच्या जाड कागदावर, मग स्कॅन करून संगणकावर साफसफाई. क्रिता नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे, महागड्या टॅबसाठी थांबू नका. फाइल ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात तीनशे ठिपके. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर चित्र जास्त काढायचं, कारण कटिंगमध्ये कागद थोडा सरकतो आणि पांढरी रेघ राहते. जोडपानाच्या मधोमध, जिथे शिलाई येते, तिथे चेहरा ठेवायचा नाही. मजकुराला जागा सोडायची आणि जरा सढळ हाताने सोडायची, कारण तेच पुस्तक हिंदीत, इंग्रजीत, कन्नडमध्ये जाऊ शकतं आणि वाक्याची लांबी प्रत्येक भाषेत वेगळी. म्हणूनच चित्रातल्या शाळेच्या पाटीवर, दुकानाच्या बोर्डावर अक्षरं थेट रंगवायची नाहीत, वेगळ्या लेयरवर ठेवायची. रंगीत छपाईत निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात, प्रत्येकीची वेगळी प्लेट; मजकूर नुसत्या काळ्या शाईत असला की भाषा बदलताना छापखान्यात फक्त काळ्याची प्लेट बदलते, बाकीच्या तीन रंगांच्या प्लेटा त्याच राहतात, प्रकाशकाचा खर्च वाचतो आणि पुस्तक स्वस्त पडतं.

आणि हिरवा. ह्या हिरव्याने मला फार दमवलं. जुलैतली रोपं बघितलीत ना तुम्ही, डोळ्यात शिरणारा पोपटी हिरवा, तो संगणकाच्या पडद्यावर दिसतो पण छपाईच्या चार शायांत बसत नाही, निळी आणि पिवळी मिसळून जो येतो तो मळकाच येतो. पडद्यावर आरजीबी असतं, प्रकाशाचे रंग, छापताना सीएमवायके, शाईचे. त्यावर उपाय रोपांत नाहीये, आजूबाजूला आहे. चिखल जांभळट तपकिरी केला, आभाळ राखाडी, डोंगर धुकट, खोळ सोडून कुठेही भडक रंग नाही, आणि रोपांत निळा कमी करून पिवळा वाढवला. मग पुसटसा हिरवासुद्धा पेटल्यासारखा दिसतो. प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, बघायला पुण्याला प्रेसवर गेले, मशीनवाल्या दादांनी पहिला कागद काढून हातात दिला, रोपं जशी हवी होती तशी आली होती. मी त्यांना म्हटलं, एक कागद मला द्या. तो आता आत्यांच्या खोलीत लावलाय.

आता पैशाचं, कारण ह्याबद्दल कुणी नीट बोलत नाही. मानधन दोन पद्धतींनी, एकरकमी नाहीतर रॉयल्टी, कधी दोन्ही मिळून, थोडी रक्कम आगाऊ आणि मग विक्रीवर टक्केवारी. एकरकमी घेतलं तरी चालेल, पण कशाचे पैसे घेतोय ते लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. मूळ मालकी कुणाची हेही पहिल्याच पानावर स्पष्ट असू द्या, कारण पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्रांच्या बाबतीत त्यावर वाद होऊ शकतो. ई-बुकचं काय, चित्रं पिशव्यांवर, कॅलेंडरवर वापरली तर काय, मूळ कागद परत मिळणार का, हे सगळं विचारा. विचारलं म्हणून काम जात नाही, चांगले प्रकाशक उलट मोकळेपणाने सांगतात. नावाचं तर सोडूच नका. हक्क विकले तरी चित्र कुणाचं हे सांगायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो, कलम ५७. एका ठिकाणी माझं नाव आतल्या पानात बारीक अक्षरांत टाकलं होतं, मी पत्र लिहिलं, पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठावर आलं. ठरावीक रकमेच्या वरच्या बिलातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापतात, तो गेला म्हणून सोडून देऊ नका, उत्पन्न कराच्या हद्दीत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो.

नुसत्या पुस्तकांवर माझं घर चालत नाही, हे स्पष्ट सांगते. एका पुस्तकाला काही महिने लागतात आणि बिल छापून झाल्यावर येतं. क्लास चालू आहेत, शैक्षणिक संस्थांसाठी चित्रकार्ड करते, जूनपासून दिवाळी अंकांची कामं येतात ती घेते. घरातले अण्णा अजून विचारतात, "हे पर्मनंट काही होणार का?" त्यांना मी दर मार्चला वर्षाचा हिशेब दाखवते, कागदावर आकडे दिसले की ते शांत होतात. आणि साताऱ्यात राहण्याचा तोटा नाही, फायदाच आहे. चर्चा फोनवर होते, फाइल नेटवरून जाते, प्रेसला जायचं तर एसटीने पुणे किती लांब? शिवाय ज्या गोष्टीत माण-खटावचा दुष्काळ आहे, कोयनेच्या पाण्यावरची लाँच आहे, मेंढ्यांचा वाडा आहे, ती गोष्ट चितारायला इथे राहणाऱ्या माणसापेक्षा चांगलं कोण? आपल्याकडच्या पोरांनी पुस्तकात स्वतःच्या घरासारखं घर, कौलं, पन्हाळ, दारातली मोरी बघितली पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं.

नमुने पाठवायचे असतील तर असे पाठवा: एकच पीडीएफ, लहान साइजची, मेलमध्ये उघडेल अशी. त्यात एकच मूल वेगवेगळ्या अवस्थांत, एका गोष्टीची सलग तीन जोडपानं, एक प्राणी, एक गर्दीचं चित्र, आणि एक चित्र फक्त काळ्या रेषेत, कारण आतली पानं एकरंगी असलेली पुस्तकं अजून बरीच निघतात. देवाची, नेत्यांची, सिनेमातल्या लोकांची चित्रं कितीही हुबेहूब असली तरी त्यात घालू नका, संपादकाला त्यातून काही कळत नाही. ज्या प्रकाशकाला पाठवताय त्याची चार-पाच पुस्तकं आधी वाचा, वाचनालयात मिळतात, भिलारला तर मिळतातच. उत्तर नाही आलं तर सहा महिन्यांनी नवीन काम पाठवा, जुनं नको. सध्या माझं मेंढपाळाच्या मुलाचं पुस्तक चालू आहे, त्यात शब्दच नाहीत, सगळी गोष्ट चित्रांतून. म्हसवडच्या बाजूला एका वाड्यावर जाऊन स्केचेस केलीत. मेंढीचा मागचा पाय अजून बरोबर येत नाही, म्हणून पुढच्या रविवारी परत चाललेय. क्लासच्या कुणाला यायचं असेल तर सकाळी लवकर स्टँडवर या, डबा आणि स्केचबुक घेऊन.